शॉट पीनिंगसाठी शॉट कसा निवडावा: ड्रॉइंगपासून हॉपरपर्यंत

सातारा, शिरवळ, कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत शॉट ब्लास्टिंगचे, म्हणजे धातूचे बारीक दाणे (शॉट) वेगाने मारण्याचे, मशीन ही काही नवलाची गोष्ट नाही. कास्टिंगवरची वाळू आणि फोर्जिंगवरचा स्केल (ऑक्साइडची खपली) काढण्यासाठी ते रोज चालते, आणि ज्या दिवशी एखादा ग्राहक गिअर, शाफ्ट किंवा कमानपाटे यांच्या ड्रॉइंगवर पीनिंगची टीप घालून काम पाठवतो, त्या दिवशी त्याच मशीनमध्ये, आत असलेल्या त्याच शॉटवर ते काम उरकण्याचा मोह होतो. भाग बाहेर येतो तेव्हा छान चंदेरी दिसतो. मात्र त्याचे आयुष्य वाढले की उलट कमी झाले, हे डोळ्यांना कळत नाही.

ब्लास्टिंगमध्ये पृष्ठभाग साफ झाला की काम संपते. पीनिंगमध्ये प्रत्येक गोल शॉट पृष्ठभागावर एक लहानसा खळगा पाडतो, त्या ठिकाणचा धातू बाजूंना पसरू पाहतो, खालचा न पसरलेला धातू त्याला आवळून धरतो, आणि त्यामुळे पृष्ठभागाखाली दाबाचा अवशिष्ट ताण कायमचा बसतो. फॅटिगची, म्हणजे वारंवार कमी-जास्त होणाऱ्या भाराने पडणारी, भेग बहुधा पृष्ठभागावरून आणि ओढीच्या ताणाखाली सुरू होत असल्यामुळे हा आधीच भरून ठेवलेला दाब तिला उघडू देत नाही. म्हणजे शॉट हे येथे हत्यार आहे, आणि त्याचे द्रव्य, कठीणता, माप व आकार हे चारही भागावरून ठरले पाहिजेत. या लेखात धातूच्या शॉटचाच विचार केला आहे. काच आणि सिरॅमिकचे मणी हा स्वतंत्र विषय आहे.

पहिली पायरी: ड्रॉइंगमधून पाच गोष्टी काढून घ्याव्यात

पुरवठादाराला फोन करण्यापूर्वी भागाचा धातू, पीनिंगच्या वेळची त्याची कठीणता, सर्वांत लहान फिलेटची (आतल्या कोपऱ्याच्या गोलाईची) त्रिज्या, मागितलेली इंटेन्सिटी (माऱ्याचा जोर) आणि कव्हरेज (खळग्यांनी झाकलेल्या पृष्ठभागाचे प्रमाण) या पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. ड्रॉइंगवर केवळ ‘शॉट पीन करावे’ एवढेच लिहिले असेल तर काम सुरू करू नये. ग्राहकाच्या डिझाइन विभागाकडून आकडे लेखी मागवावेत. मागणे अवघड वाटते हे खरे, पण भाग तुटून परत आल्यावर जो पत्रव्यवहार होतो तो त्याहून अवघड असतो.

इंटेन्सिटी ही अल्मेन स्ट्रिपच्या कमानीवरून मोजतात. जनरल मोटर्समधील जॉन अल्मेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्प्रिंग स्टीलच्या पट्ट्या ७६ मि.मी. लांब व १९ मि.मी. रुंद असतात आणि जाडीनुसार त्यांचे तीन प्रकार आहेत: एन (सुमारे ०.७९ मि.मी.), ए (१.२९ मि.मी.) आणि सी (२.३९ मि.मी.). बहुतेक कामे ए पट्टीवर होतात. ०.१० मि.मी. ए पेक्षा हलक्या कामाला एन आणि ०.६० मि.मी. ए पेक्षा जड कामाला सी पट्टी वापरतात. त्यामुळे ‘०.३५ इंटेन्सिटी’ या शब्दांना पट्टीचे अक्षर सांगितल्याशिवाय काहीच अर्थ नाही, कारण सी पट्टीवरचे वाचन ए पट्टीच्या वाचनाच्या साधारण साडेतीनपट प्रखर माऱ्याचे असते.

दुसरी पायरी: शॉटचा प्रकार

स्टीलच्या भागांसाठी व्यवहारात दोनच पर्याय उरतात. पहिला कास्ट स्टील शॉट. वितळलेल्या स्टीलची धार पाण्याच्या फवाऱ्याने फोडून तो तयार होतो, आणि नंतर त्याचे हार्डनिंग, टेम्परिंग व चाळणी होते. तो स्वस्त असतो आणि सर्वत्र मिळतो. परंतु ओतकामाचे सगळे दोष त्यात येऊ शकतात: आतली पोकळी, आकुंचनाची छिद्रे, भेगा, शेपटीसारखे लांबट दाणे. हे दाणे वापरात फुटतात आणि फुटले की धारदार होतात.

दुसरा कट वायर शॉट. ओढलेल्या तारेचे तिच्या व्यासाएवढ्याच लांबीचे तुकडे कापतात आणि ते कठीण पत्र्यावर पुनःपुन्हा आपटून त्यांच्या कडा गोल करतात. या गोल करण्याला कंडिशनिंग म्हणतात. पीनिंगसाठी कंडिशन केलेलाच कट वायर घ्यावा. कच्चा तुकडा हा चक्क दंडगोल असतो आणि त्याची कड फिलेटमध्ये खाच पाडते. कंडिशनिंगच्याही जी१, जी२ व जी३ अशा चढत्या श्रेणी मिळतात, त्यांपैकी जी३ जवळजवळ गोलच असतो. तार ओढलेली असल्याने आत पोकळी नसते, दाण्यांचे माप एकसारखे असते आणि दाणा फुटण्याऐवजी बहुधा झिजत झिजत लहान होतो. गिअरच्या दातांसारख्या जोखमीच्या कामासाठी माझा कल स्पष्टपणे कट वायरकडे आहे. साध्या कमानपाट्यांसाठी मात्र चांगल्या प्रतीचा कास्ट शॉट, नीट सांभाळला तर, पुरेसा ठरतो.

ग्रिट, म्हणजे कोनाकृती दाणे, पीनिंगमध्ये कधीही वापरू नये. ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमच्या भागांवर कार्बन स्टीलचा शॉट मारला तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तेथे गंज धरतो. तेथे स्टेनलेस कट वायर घ्यावा. ॲल्युमिनियमची बारीक धूळ आणि लोखंडाचा गंज डस्ट कलेक्टरमध्ये एकत्र साठणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे असते, हेही अशा कामासाठी वेगळे मशीन ठेवण्याचे एक कारण आहे.

तिसरी पायरी: कठीणता

सर्वांत जास्त गफलत येथे होते. नियम सोपा आहे: शॉटची कठीणता भागाच्या पृष्ठभागाएवढी किंवा त्याहून अधिक असावी. शॉट मऊ असेल तर आघाताची शक्ती भागाऐवजी शॉटलाच चेपण्यात खर्च होते आणि दाबाचा ताण कमी भरतो.

आता बाजारात काय मिळते ते पाहावे. सामान्य वापराच्या कास्ट स्टील शॉटसाठी असलेल्या एसएई जे८२७ या मानकात कठीणता ४० ते ५१ एचआरसी (रॉकवेल सी हे कठीणतेचे माप) असते. विमान उद्योगातून आलेल्या एएमएस २४३१ या मानकात नेहमीचा शॉट ४५ ते ५२ एचआरसी आणि कठीण शॉट ५५ ते ६२ एचआरसी असा असतो. म्हणजे ४१ एचआरसीचा शॉट पहिल्या मानकात पास आणि दुसऱ्यात नापास. बिलावर नुसते ‘स्टील शॉट’ लिहिलेले असेल तर यांपैकी कोणता आला हे कळण्याचा मार्गच नाही.

कमानपाटे साधारण ४२ ते ४८ एचआरसीपर्यंत टेम्पर केलेले असतात, म्हणून त्यांना ४५ ते ५२ चा शॉट चालतो. त्यांच्या बाबतीत मारा कोणत्या बाजूला करायचा हे अधिक महत्त्वाचे आहे: उसाने भरलेल्या गाडीच्या वजनाखाली पाटा सपाट होऊ लागतो तेव्हा त्याची वरची, आतल्या वळणाची बाजू ओढीच्या ताणाखाली येते आणि पीनिंग त्या बाजूलाच हवे.

कार्ब्युराइझ केलेल्या (पृष्ठभागात कार्बन मुरवून कठीण केलेल्या) गिअरची गोष्ट वेगळी आहे. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्कीचा गिअरबॉक्स असो की ट्रॅक्टरचा, दाताचा पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी असतो. त्यावर ४६ एचआरसीचा शॉट मारला तरी कव्हरेज दिसते, खळगे दिसतात आणि, खरी मेख इथेच आहे, अल्मेन स्ट्रिपही बरोबर वाचन देते. याचे कारण असे की अल्मेन स्ट्रिप स्वतःच ४४ ते ५० एचआरसीची असते. ४६ चा शॉट तिच्याशी बरोबरी करतो आणि तिला व्यवस्थित वाकवतो, पण ६० च्या दातासमोर तोच शॉट चेपतो. पट्टी माऱ्याचा जोर सांगते, तो जोर दातात किती उतरला हे सांगत नाही. म्हणून कठीण गिअरसाठी ५५ ते ६२ एचआरसीचा शॉट मागवावा आणि त्याची कठीणता स्वतंत्रपणे तपासून घ्यावी. असा शॉट लवकर फुटतो, मशीनची ब्लेड व लायनर (आतले संरक्षक पत्रे) जास्त खातो आणि मऊ भागांचा पृष्ठभाग खडबडीत करतो. त्यामुळे ‘एकच कठीण शॉट आणून सगळ्यांनाच मारू’ हा सोयीचा वाटणारा विचार सोडून द्यावा.

चौथी पायरी: माप

एसएई जे४४४ नुसार कास्ट शॉटच्या नावातला आकडा इंचाच्या दहाहजाराव्या भागांतले नाममात्र माप दाखवतो. एस-११० म्हणजे ०.२८ मि.मी., एस-१७० म्हणजे ०.४३, एस-२३० म्हणजे ०.५८, एस-३३० म्हणजे ०.८४ आणि एस-४६० म्हणजे १.१७ मि.मी. कट वायरचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत असतात: सीडब्ल्यू-१४ हा ०.३५ मि.मी., सीडब्ल्यू-२० हा ०.५, सीडब्ल्यू-२८ हा ०.७ आणि सीडब्ल्यू-३२ हा ०.८ मि.मी. तारेपासून बनतो.

कमाल मर्यादा भागाची भूमिती ठरवते. शॉटचा व्यास सर्वांत लहान फिलेटच्या त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि शॉटला एखाद्या खाचेतून किंवा छिद्रातून आत जायचे असेल तर त्या खाचेच्या रुंदीच्या पाव भागाहून मोठा नसावा. शॉट मोठा असेल तर तो फिलेटच्या दोन्ही कडांना टेकतो आणि तळाशी पोहोचतच नाही. भेग तर तळातूनच निघते.

एक उदाहरण घेऊ. गिअरच्या दाताच्या मुळाशी फिलेट १.२ मि.मी. आहे. निम्मे म्हणजे ०.६ मि.मी., म्हणून एस-२३० चालेल असे वाटते. पण एस-२३० च्या चाळणी-मर्यादा उघडून पाहाव्यात: १.०० मि.मी.च्या चाळणीवर काहीही राहता कामा नये, ०.८५ च्या चाळणीवर जास्तीत जास्त १० टक्के राहू शकते, ०.६० वर एकत्रित किमान ८५ टक्के आणि ०.५० वर किमान ९७ टक्के असावे लागते. म्हणजे पूर्णपणे मानकात बसणाऱ्या पोत्यातही बहुसंख्य दाणे ०.६० मि.मी.हून मोठेच असतात, आणि काही तर ०.८५ हूनही मोठे. अशा सीमारेषेवर एक माप खाली, एस-१७० वर यावे, किंवा माप एकसारखे असलेला सीडब्ल्यू-२० घ्यावा.

किमान मर्यादा इंटेन्सिटी ठरवते. दाण्याचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे व्यास निम्मा केला की वजन आठव्या हिश्शावर येते आणि तोच जोर आणण्यासाठी वेग बराच वाढवावा लागतो. शॉट फेकणाऱ्या व्हीलचा वेग किंवा हवेने शॉट मारणाऱ्या नोझलचा दाब कमाल केल्यावरही मागितलेली इंटेन्सिटी गाठत नसेल तर शॉट फार लहान आहे. या दोन मर्यादांच्या मध्ये जे माप बसते त्यातले लहान माप निवडावे, कारण ०.६ मि.मी.च्या एका किलोत सुमारे ११ लाख दाणे असतात आणि १.२ मि.मी.च्या एका किलोत सुमारे १.४ लाख. दाणे जास्त तितके कव्हरेज लवकर होते आणि पृष्ठभागही नितळ राहतो. दोन्ही मर्यादांच्या मध्ये काहीच बसत नसेल तर दोष शॉटचा नाही. फिलेट आणि इंटेन्सिटी यांचा मेळ घालण्यासाठी ड्रॉइंग ग्राहकाकडे परत पाठवावे.

पाचवी पायरी: आलेले पोते तपासणे

खरेदीच्या ऑर्डरवर मानक, माप, कठीणतेची मर्यादा आणि कट वायर असल्यास कंडिशनिंगची श्रेणी स्पष्ट लिहावी व प्रत्येक लॉटबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागावे. तरीही सर्टिफिकेटवर सगळा भरवसा ठेवू नये.

नमुना पोत्याच्या तोंडाशी असलेल्या मूठभर शॉटमधून घेऊ नये, कारण वाहतुकीत हादऱ्यांनी लहान दाणे खाली बसतात. पोते रिकाम्या पिंपात ओतताना धार पडत असताना तीन-चार वेळा थोडे थोडे घ्यावे, एकत्र करावे आणि त्यातून चाळणीसाठी १०० ग्रॅम काढावे. वजन केलेला नमुना चाळण्यांच्या रचनेवर पुरेसा वेळ हलवून प्रत्येक चाळणीवरचे टक्के लिहावेत.

पोकळपणाची तपासणी तर अगदी साध्या साहित्यात होते. मोजपात्रात ५० मि.ली. अल्कोहोल घ्यावे, त्यात नेमका १०० ग्रॅम कोरडा शॉट हळूहळू सोडावा, काचेवर टिचकी मारून बुडबुडे निघू द्यावेत आणि पातळी वाचावी. घनता दर घन सेंटिमीटरला किमान ७ ग्रॅम असेल तर पातळी ६४.३ मि.ली.च्या वर जात नाही. ती ६५ किंवा ६६ वर गेली तर पोकळ दाण्यांचे प्रमाण जास्त आहे असे समजून लॉट बाजूला ठेवावा. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, म्हणून हे काम वेल्डिंगच्या शेजारी करू नये.

कठीणतेसाठी दाणे बेकलाइटमध्ये बसवून अर्ध्यापर्यंत घासून पॉलिश करावे लागतात आणि मायक्रोहार्डनेस मोजावा लागतो. ४५ ते ५२ एचआरसी म्हणजे साधारण ४४५ ते ५४५ व्हिकर्स. स्वतःकडे यंत्र नसेल तर बाहेरच्या मेटलर्जिकल लॅबकडून करून घ्यावे; त्याच पॉलिश केलेल्या नमुन्यात भेगा, छिद्रे आणि पृष्ठभागावरचा मऊ थरही दिसतो. शेवटी चिकटपट्टीवर दाण्यांचा एकपदरी थर घेऊन दहापट भिंगाखाली पाहावे आणि लांबट, जुळे व तुटके दाणे मोजावेत.

सहावी पायरी: सॅच्युरेशन कर्व्ह

नवा कास्ट शॉट भरल्यावर लगेच उत्पादन सुरू करू नये. ताज्या दाण्यांवर ऑक्साइडचा थर असतो आणि आघातांनी त्यांची कठीणता सुरुवातीला थोडी वाढते, त्यामुळे इंटेन्सिटी स्थिर होण्यासाठी शॉट काही फेऱ्या भंगार पत्र्यावर फिरवून घ्यावा.

त्यानंतर भागाच्या आकाराचा फिक्स्चर करून, भागावर जेथे मारा हवा नेमक्या त्याच जागी व त्याच कोनात पट्टीचा होल्डर बसवून, किमान चार वेगवेगळ्या वेळांसाठी प्रत्येकी नवी पट्टी मारावी. वेळ विरुद्ध कमान असा आलेख काढला की जेथे वेळ दुप्पट केल्यावर कमान १० टक्केच वाढते तो बिंदू म्हणजे सॅच्युरेशन, आणि त्या बिंदूवरची कमान ही इंटेन्सिटी. एकाच पट्टीचे वाचन म्हणजे इंटेन्सिटी नव्हे. बराच वेळ मारून एकच पट्टी हव्या त्या आकड्यापर्यंत वाकवणे कोणालाही जमते. कव्हरेज मात्र प्रत्यक्ष भागावर, भिंगाने, फिलेटच्या तळाशी पाहावे, कारण भागाची कठीणता पट्टीपेक्षा वेगळी असल्यामुळे दोघांचा वेळ एक नसतो.

सातवी पायरी: मशीनमधले मिश्रण

निवड खरेदीच्या दिवशी संपत नाही, आणि या सगळ्या लेखात मला आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. भागावर पोत्यातला शॉट आदळत नाही. आदळते ते नवे, अर्धे झिजलेले आणि फुटलेले दाणे यांचे हॉपरमधले (मशीनच्या शॉट साठवण्याच्या टाकीतले) मिश्रण. उत्तम शॉट विकत घेऊन सेपरेटरकडे दुर्लक्ष केले तर महिन्याभरात तो शॉट स्वस्त शॉटच्याच पातळीला येतो. झिजलेले दाणे इंटेन्सिटी खाली आणतात आणि तुटके दाणे पृष्ठभागावर ओरखडे पाडतात, ज्यांतून फॅटिगची भेग सुरू होते.

हवेच्या सेपरेटरने धूळ व बारीक चुरा जातो, कंपन चाळणीने लहान झालेले दाणे जातात. पण अर्धा तुटलेला मोठा दाणा चाळणीवर अडतो आणि चांगल्यात मिसळून परत जातो. त्याला वेगळे करण्यासाठी स्पायरल सेपरेटर लागतो: गोल दाणा उतारावर वेगाने गरगरत बाहेरच्या कडेवरून उडतो, तुटका दाणा घसरत आतल्या वाटेनेच खाली येतो. पीनिंगचे काम नियमित घ्यायचे असेल तर हा खर्च टाळू नये.

प्रत्येक पाळीत एकदा नमुना घ्यावा, आणि तो शॉट वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या बुडातून नव्हे तर नोझल किंवा व्हीलकडे जाणाऱ्या वाटेवरून, म्हणजे सेपरेटरच्या पुढून. तुटक्या दाण्यांची मर्यादा ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये दिलेली असते; ती नसेल तर १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा शिरस्ता पाळावा. शॉटची भर रोज थोडी थोडी घालावी. हॉपर तळाला जाईपर्यंत थांबून एकदम चार पोती ओतली की मिश्रण एका दिवसात बदलते आणि सकाळच्या पट्टीचा व संध्याकाळच्या पट्टीचा मेळ लागत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या भागात, पोती जमिनीवर न ठेवता लाकडी पॅलेटवर, तोंड बांधून ठेवावीत. नोझलच्या मशीनमध्ये कॉम्प्रेसरच्या लाइनवरचा ड्रायर आणि ड्रेन रोज पाहावा. ओल लागली की शॉट गुठळ्या धरतो, व्हॉल्व्हमधून वाहणे थांबते आणि भागाच्या काही जागा कोऱ्या राहतात.

खर्च कसा काढावा

किलोचा भाव हा तुलनेचा चुकीचा पाया आहे. समजा कास्ट शॉट १०० रुपये आणि कट वायर १८० रुपये किलो आहे, आणि एका पाळीत पहिल्याचा खप १० किलो तर दुसऱ्याचा ५ किलो आहे. मग खर्च १,००० विरुद्ध ९०० रुपये होतो, आणि त्यात ब्लेड, लायनर व तुटका शॉट वेगळा काढण्याची मजुरी अजून धरलेलीच नाही. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. खप मात्र प्रत्येकाने स्वतःच्या मशीनवर, घातलेली भर वजन करून काढावा.

एकच मशीन असेल तर

वेगळे मशीन परवडत नसेल तर ब्लास्टिंगवरून पीनिंगवर येताना सगळा शॉट काढावा, फक्त हॉपर रिकामा करून भागत नाही. एलिव्हेटरचे बूट, बकेटच्या मागची फट, लायनरचे बोल्ट, सेपरेटरचे ट्रे आणि केबिनचे कोपरे या जागांत जुने मोठे दाणे व कास्टिंगची वाळू दडून बसते. व्हॅक्यूमने या जागा साफ करून मशीन काही मिनिटे रिकामे चालवावे, खाली पडलेले पुन्हा गोळा करावे, आणि मग थोडा नवा शॉट घालून फिरवून तो टाकून द्यावा. त्यानंतरच्या नमुन्यात चाळणीवर एकही परका मोठा दाणा दिसला नाही तरच पूर्ण भर घालून पहिली अल्मेन पट्टी लावावी.